संगणकातील ठेवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर

१९९० ते २००५ या काळात ज्या घरांत लग्नमुंजी झाल्या, त्यांपैकी बहुतेक घरांच्या माळ्यावर एक खोके असते. त्यात दोन-तीन व्हीएचएस कॅसेट, लहान हँडीकॅमच्या डबीएवढ्या काही फिती, नाटकांच्या व्हीसीडी आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजातील एखादी ध्वनिफीत असा ऐवज असतो. व्हीसीआर तयार करणाऱ्या जगातील शेवटच्या ज्ञात उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन बंद केले. त्यामुळे सुज्ञ मुलांनी वा नातवंडांनी हा ऐवज संगणकात उतरवून घेतलेला असतो. येथवर सारे ठीक असते. पुढे मात्र पंधरा इंची लॅपटॉपभोवती सात माणसे दाटीने बसतात, आजीच्या खुर्चीतून पडदा तिरका व काळपट दिसतो आणि सनईचे सूर डबक्यातून आल्यासारखे ऐकू येतात. समोरच्या भिंतीवर चांगला मोठा दूरचित्रवाणी संच त्या वेळी स्वस्थ असतो.

संगणकातील चित्रफीत अथवा ध्वनिफीत त्या संचापर्यंत नेण्याचे मार्ग आज अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत सरळ मार्ग तारेचा. एचडीएमआय या जोडणीचे पहिले विनिर्देश २००२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि आज जवळपास प्रत्येक संचाच्या पाठीमागे ही खाच असते. एकाच तारेतून चित्रही जाते आणि आवाजही. दूरचित्रवाणी संच येथे केवळ संगणकाचा मोठा पडदा बनतो, म्हणून फाइल कोणत्या प्रकारची आहे याची त्याला पर्वा नसते. दुसरा मार्ग पेन ड्राइव्हचा. तोही सोपा; मात्र एफएटी-३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ‘जागा भरपूर असूनही फाइल जात नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

तारही नको आणि ने-आणही नको, असे वाटणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग आहे. फाइल संगणकातच राहते आणि घरातील वाय-फायवरून थोडी थोडी संचाकडे पाठवली जाते. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. या शब्दामुळे एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. घरातील संगणकावरून घरातीलच संचाकडे फाइल जाते, तेव्हा ती राउटरपर्यंत येऊन तेथूनच संचाकडे वळते; बाहेरच्या इंटरनेटला तिचा स्पर्शही होत नाही. म्हणून त्यावर इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही आणि बाहेरची सेवा बंद पडली तरी बहुधा हे काम चालू राहते. लग्नाची चित्रफीत दहा वेळा पाहिली म्हणून देयक वाढत नाही.

या पद्धतीची बीजे बरीच जुनी आहेत. पॅरिसमधील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आपल्या वसतिस्थानातील संगणकजाळ्यावरून चित्रफिती दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात एक भाग चित्र पाठवणारा आणि दुसरा ते ग्रहण करणारा होता. हा ग्रहण करणारा भाग म्हणजेच आज घरोघरी परिचित असलेला नारिंगी शंकूच्या चिन्हाचा व्हीएलसी प्लेअर होय. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. पुढे २००३ मध्ये सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांची भाषा समजावी हा तिचा हेतू होता. डीएलएनए या नावाने ती ओळखली गेली. २०१७ मध्ये ही संघटना विसर्जित झाली, तरी तिने घालून दिलेली रीत असंख्य संचांत अद्याप नांदते आहे.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. संगणकावर ‘मीडिया सर्व्हर’ नावाचा एक कार्यक्रम चालू असतो. तो घरातील जाळ्यात ठरावीक काळाने पुकारा करतो : मी येथे आहे, माझ्याकडे चित्रफिती, ध्वनिफिती व छायाचित्रे आहेत. दूरचित्रवाणी संचही सुरू होताच ‘कोणी आहे काय’ असे विचारतो. दोघांची ओळख पटली की संच सूची मागतो आणि ती पडद्यावर दाखवतो. दूरनियंत्रकावर बटण दाबून एखादी फीत निवडली की संच ती संपूर्ण फाइल एकदम मागत नाही; पहिला तुकडा, मग पुढचा, मग त्यापुढचा, अशी मागणी करतो. मंगलाष्टके ओलांडून थेट सप्तपदीकडे जावयाचे असेल, तर संच मधले सोडून नेमका तेथील तुकडा मागवतो. आलेले तुकडे तो काही क्षण स्वतःजवळ साठवतो. गच्चीवरील टाकीचे काम हेच असते : नळाची धार कमी-जास्त झाली तरी टाकीत पाणी असेतोवर घरात खंड पडत नाही. टाकी रिकामी झाली की मात्र पडद्यावर ते परिचित गोल चक्र फिरू लागते.

विंडोज संगणकात ही सोय फार पूर्वीपासून अंतर्भूत आहे. विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, फाइलवरून थेट संचाकडे चित्र धाडण्याचा पर्याय आला. आजच्या विंडोजमध्ये तो ‘कास्ट टू डिव्हाइस’ या नावाने सापडतो. अधिक नेटकी व्यवस्था हवी असणाऱ्यांसाठी प्लेक्स, जेलीफिन, कोडी असे कार्यक्रम आहेत. त्यांपैकी कोडीचा जन्म एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी झाला आणि त्याला हे नाव २०१४ मध्ये मिळाले. जेलीफिन २०१८ च्या अखेरीस सुरू झाला व तो पूर्णतः विनामूल्य आहे. केवळ कौटुंबिक फिती पाहावयाच्या असतील तर या साऱ्या थाटाची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे.

एवढे करूनही पुष्कळदा संच ‘ही फाइल उघडता येत नाही’ असे सांगून मोकळा होतो. येथेच सर्वाधिक निराशा पदरी येते, म्हणून याचे कारण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. फाइलच्या नावापुढील एव्हीआय, एमकेव्ही, एमपी-४ ही अक्षरे म्हणजे केवळ डब्याचे नाव होय. डब्यात काय भरले आहे, ते त्यावरून कळत नाही. आतील चित्र कोणत्या रीतीने आवळून भरले आहे, त्याला कोडेक म्हणतात आणि संचाला ओळख हवी असते ती त्याची. एकाच एव्हीआय डब्यात दहा प्रकारचे पदार्थ असू शकतात. हँडीकॅमच्या डीव्ही फितीवरून जसेच्या तसे उतरवलेले चित्रण एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते आणि ते बहुतेक संचांना उमगत नाही. व्हीसीडीवरील डीएटी फाइल उलट्या प्रकारची : आत एमपीईजी-१ हा साधा, जुना कोडेक असतो, परंतु डबा अनोळखी असल्याने संच तिला हात लावीत नाही. डीटीएस पद्धतीचा आवाज असलेल्या फाइलची गंमत वेगळीच. २०१८ नंतरच्या कित्येक संचांत हा आवाज उलगडण्याची सोय नाही, त्यामुळे चित्र झकास दिसते आणि आवाज मात्र मुळीच येत नाही. मग घरातील मंडळी ध्वनिवर्धकाच्या तारा तपासत बसतात.

यावर उपाय दोन. मीडिया सर्व्हरने फाइल पाठवता पाठवताच तिचे रूपांतर करावे, हा पहिला. त्यासाठी संगणक बऱ्यापैकी ताकदीचा हवा. दुसरा उपाय एकदाच कष्ट घेण्याचा, आणि कौटुंबिक संग्रहासाठी तोच श्रेयस्कर आहे : सर्व जुन्या फिती हँडब्रेकसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने एमपी-४ डब्यात, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज या रूपात बदलून घ्याव्यात. २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ आज सर्वांत अधिक उपकरणांना समजतो. त्याच्यानंतरचे कोडेक जागा कमी घेतात हे खरे, पण दहा वर्षांपूर्वीच्या संचाला ते समजतीलच असे नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. त्या काळच्या पाल पद्धतीत प्रत्येक चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत टिपले जात असल्याचा हा परिणाम होय. रूपांतर करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडल्यास त्या जातात. मूळ फाइल मात्र रूपांतरानंतरही पुसू नये. ती वेगळ्या हार्ड डिस्कवर जपावी.

वेगाचा हिशेब अवघड नाही. दोन तासांची फीत ४ गिगाबाइटची असेल, तर ४,००० मेगाबाइटला ८ ने गुणून ३२,००० मेगाबिट होतात. त्याला ७,२०० सेकंदांनी भागले असता सुमारे साडेचार मेगाबिट प्रति सेकंद एवढा सरासरी वेग लागतो. बाइट आणि बिट यांतील ही आठपट लक्षात न घेतल्याने अनेकांचे गणित चुकते. साध्या वाय-फायलाही हा वेग जड नाही. तरीही चित्र अडखळत असेल तर दोष बहुधा भिंतींचा आणि शेजाऱ्यांचा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, आणि इमारतीतील प्रत्येक घर त्यांतच दाटी करते; शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण सिमेंटच्या भिंती तो अधिक अडवतात. राउटरपासून संचापर्यंत वा निदान संगणकापर्यंत लॅनची तार टाकणे, हा अनाकर्षक परंतु खात्रीचा उपाय आहे. ध्वनिफितींना तर हा प्रश्नच नाही; १२८ किलोबिटची एमपी-३ तासाला जेमतेम ५८ मेगाबाइट घेते.

फायलींना नावे देतानाही थोडा विचार करावा. काही संचांत देवनागरी अक्षरांची सोय नसते आणि ‘आजोबांची पंचाहत्तरी’ या नावाच्या जागी चौकटींची रांग उमटते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकड्यांत तारीख आणि पुढे रोमन लिपीत थोडक्यात नाव दिल्यास सूची आपोआप कालानुक्रमे लागते.

आता एका नाजूक बाबीकडे वळले पाहिजे. डीएलएनए पद्धतीत सहसा संकेतशब्द नसतो. घरातील वाय-फायवर असलेल्या कोणत्याही उपकरणाला ती सूची दिसते. ज्यांनी सोयीसाठी संपूर्ण ड्राइव्ह अथवा ‘पिक्चर्स’ फोल्डर खुले केले असेल, त्यांच्या छायाचित्रांच्या सूचीत सहलीच्या चित्रांशेजारीच पॅन कार्ड, आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान आणि रद्द केलेला धनादेश हेही झळकू शकते. कारण मोबाइलने काढलेली ही सारी छायाचित्रेच असतात. वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या घोळक्यासमोर हा खजिना उलगडल्याचा प्रसंग हसण्यावारी नेता येईल, परंतु पाहुण्यांना वाय-फायचा संकेतशब्द दिलेल्या घरात तो धोकाच आहे. म्हणून दाखवावयाच्या फितींसाठी स्वतंत्र फोल्डर करावे व तेवढेच खुले ठेवावे. पाहुण्यांसाठी राउटरवर ‘गेस्ट’ जाळे वेगळे ठेवावे. दूरचित्रवाणी संचच चुकून त्या जाळ्यावर असेल तर त्याला संगणक दिसणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे. प्रवासात, हॉटेलच्या वाय-फायला जोडताना विंडोजमध्ये त्या जाळ्याचा प्रकार ‘पब्लिक’ हाच ठेवावा. त्यायोगे संगणकाचा पुकारा थांबतो.

राउटरमधील यूपीएनपी हा पर्यायही पाहून घ्यावा. त्याच्याआधारे घरातील उपकरण राउटरला परस्पर बाहेरचे दार उघडावयास लावू शकते. जानेवारी २०१९ मध्ये अशाच उघड्या राहिलेल्या दारांतून जगभरच्या हजारो संचांवर परक्या व्यक्तींनी आपला संदेश झळकवला होता. घरातल्या घरात चित्रफीत पाहण्यासाठी राउटरमधील हे दार उघडे असण्याची आवश्यकता नसते. ते बंद करता येते.

फाइल पाठवणे आणि पडद्याचे प्रतिबिंब पाठवणे यांतही भेद आहे. प्रतिबिंब, म्हणजे मिराकास्ट किंवा ‘स्क्रीन मिररिंग’, चालू असताना मोबाइलवर किंवा संगणकावर जे जे उमटेल ते ते मोठ्या पडद्यावर दिसते. त्यात बँकेचा ओटीपी आणि खात्यातील शिल्लकही आली. ते चालू असताना नेटबँकिंग करू नये. आणि ‘संच जोडून देतो’ असे दूरध्वनीवर सांगून एखादे ॲप उतरवून घेण्यास सुचवणाऱ्या अनोळखी व्यक्तीला आपला पडदा कदापि दाखवू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने दूरस्थ ताबा देणाऱ्या अशाच ॲपच्या गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. दूरचित्रवाणी जोडण्यासाठी अशा ॲपची गरज पडत नाही. संच आणि संगणक एकाच वाय-फायवर असले की पुरते. फिती पाहून झाल्यावर मीडिया सर्व्हर बंद करावा. पुढच्या वेळी तो सुरू करण्यास मिनिटही लागत नाही.