जुन्या बंदुकीवरचा ठसा : खरा की खोटा?

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार सर्वांना ठाऊक आहे. तिथला जाणता व्यापारी पोत्यावरची खूण पाहून सौदा करीत नाही. मिरची हातात घेतो, देठ पाहतो, मोडून पाहतो. जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्यालाही हीच सवय हवी. या बाजारात पोलादापेक्षा त्यावरच्या ठशाला अधिक मोल असते. मुकुट, कारखान्याचे नाव आणि सन दिसला की किंमत वाढते. आणि जिथे ठशाला मोल, तिथे खोटा ठसा आलाच.

आपल्याच टापूतले उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. समजा, कुणी ‘असईच्या रणातली’ म्हणून एक बंदूक पुढे केली. घोड्याशेजारच्या पोलादी पट्टीवर मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह आहे. हा ठसा ईस्ट इंडिया कंपनीचाच. पण कंपनीने तो १८०८ च्या सुमारास घेतला. त्याआधी तिची खूण होती चार भाग केलेल्या बदामाच्या आकाराची. म्हणजे सिंह अस्सल असला, तरी त्याच्याबरोबर सांगितलेली असईची गोष्ट खोटी.

तीच गोष्ट घोड्याची. असईच्या वेळी चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका होत्या. टोपीच्या बंदुका ब्रिटिश पायदळात आल्या त्या १८४० च्या आसपास. काही जुन्या बंदुकांना मागाहून टोपीचा घोडा बसवला गेला हे खरे. पण मग त्या बदलाच्या खुणा दिसायला हव्यात.

खोट्या ठशांचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे खैबर खिंडीचा परिसर आणि आज पाकिस्तानात असलेले दर्रा आदमखेल. तिथले कारागीर साध्या हत्यारांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला करीत आले. हात कुशल, परंतु अनेकांना इंग्रजी अक्षरओळख नव्हती. अक्षरे त्यांच्या लेखी नक्षी होती. त्यामुळे ‘एनफिल्ड’ या नावातले ‘एन’ अक्षर उलटे पडते, स्पेलिंग चुकते. कधी मुकुटाखाली ‘व्ही. आर.’, म्हणजे राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, आणि शेजारी १९०१ नंतरचा सन! राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली होती. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा कितीतरी बंदुका आठवण म्हणून विकत घेतल्या.

चूक इतकी ढोबळ नसेल तर काय पाहावे? एक भिंग आणि तिरपा उजेड पुरेसा आहे. कारखान्यातला ठसा एका घावात उमटतो; त्याच्या कडेला धातू किंचित वर आलेला असतो, अक्षरे एकसारखी असतात. हाताने कोरलेल्या रेघेची खोली कमी-जास्त होते. दुसरे, झीज. शंभर वर्षे हाताळलेल्या बंदुकीवर ठसाही तितकाच झिजायला हवा. भोवतालचे पोलाद गंजाने खड्डे पडलेले आणि अक्षरे मात्र कोरी करकरीत, तर ठसा गंजानंतरचा आहे. ठशाखाली पोलाद खोलगट लागले, तर जुनी अक्षरे घासून काढल्याचा संशय घ्यावा. तिसरे, क्रमांक. पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षे पाहिलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या मुख्य भागांवर एकच क्रमांक मारलेला असे. ते जुळले नाहीत तर भाग बदललेले असू शकतात. म्हणून जुनी बंदूक हाती आली की आधी पॉलिश करू नये. पुरावाच पुसला जातो.

हा प्रश्न केवळ पैसे बुडण्याचा नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा खूण घासणे, बदलणे किंवा बनावट करणे यास मनाई आहे. अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते केले, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजे फसवणारा निघून जातो आणि हौशी घेणारा अडकतो. ‘जुनी आहे, परवाना लागत नाही’ हेही अर्धवट आहे. कायद्यातली सूट आहे ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा शस्त्रापुरती. आजोबांच्या काळातली बंदूक घरात निघाली, तर पोलीस ठाण्यात कळवून विचारावे.

थोडक्यात, ठसा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. बंदुकीची घडण, पोलादाची झीज, क्रमांक आणि कागदपत्रे या साऱ्यांशी त्याची साक्ष जुळली, तरच ती मानावी. एक जरी जुळली नाही, तर बंदूक परत करावी आणि पैसे खिशात ठेवावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)