घशाचा कर्करोग : काठ आणि विषाणू

मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर व तेथून लोकलने परळ गाठून, १९४१ पासून चालत आलेल्या टाटा स्मारक रुग्णालयातून शस्त्रक्रियेचा अहवाल घरी आणणारी माणसे ‘मार्जिन’च्या, म्हणजे काठाच्या, रकान्यापाशी हमखास अडखळतात. काठ निर्मळ म्हणजे रोग समूळ गेला, असा समज येथेच रुजतो. वास्तविक कापलेल्या भागाच्या कडेला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या छेदांत, कर्कपेशी आढळल्या नाहीत, एवढाच तो दाखला. मानेतील लसीकाग्रंथींविषयी तो काहीच सांगत नाही, सबब काठ निर्मळ असूनही किरणोपचार सुचवला जातो.

जितके अधिक कापावे तितके बरे, हाही असाच एक समज. तोंडाच्या कर्करोगात ५ मिलिमीटर निरोगी ऊतींची हद्द रूढ आहे, आणि फॉर्मॅलिनमध्ये मांस आकसत असल्याने शल्यविशारद प्रत्यक्षात सुमारे १ सेंटिमीटर सोडून कापतो. परंतु स्वरतंतूंवर एक-दोन मिलिमीटरही पुरतात, कारण तेथील वाढीव काप आवाजाच्या मुळावर येतो, आणि टॉन्सिलमागची भिंत तर इतकी पातळ की पाच मिलिमीटरांचा आग्रह शरीररचनेलाच मंजूर नसतो.

टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या जागीच एचपीव्ही विषाणू, विशेषतः त्याचा सोळावा प्रकार, मुख्यत्वे आपला प्रताप दाखवतो. तो मुख्यतः शरीरसंबंधातून, मुखसंबंधातूनही, शिरतो. बहुतेकांचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते, आणि थोड्यांच्याच बाबतीत दशकांनंतर कर्करोग उद्भवतो. कर्करोग स्वतः संसर्गजन्य नाही. तेव्हा रोग्याचे ताट-पेला वेगळे करणे हा, स्पष्टच सांगायचे तर, निव्वळ छळ होय. विषाणूजन्य गाठ अधिक घातक, हेही खरे नव्हे: ती उपचारांना अधिक दाद देते, मात्र रुग्ण धूम्रपान करणारा असेल तर हा लाभ घटतो. शिवाय युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे विषाणूचा वाटा थोडा असून तंबाखूचाच अंमल मोठा आहे, २०१२ च्या गुटखाबंदीच्या हुकुमानंतरही.

म्हणून विषाणू सापडला की उपचारांत सूट घ्यावी, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. अशा रुग्णांना नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य मानलेले सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलेल्या, २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रुग्णांचे जगण्याचे प्रमाण घटले. काठावर कर्कपेशी उरल्या, तर गाठ विषाणूची असो वा तंबाखूची, पुन्हा कापणे किंवा किरणोपचाराला रसायनोपचाराची जोड देणे, हाच विचार करावा लागतो. विषाणूची खूण शोधणारी पी-१६ तपासणी राहून गेली असेल, तर ती रुग्णालयाने मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या गाठीच्या ऊतींवरही करता येते. त्यासाठी घशाचा नवा तुकडा सहसा काढावा लागत नाही.