हिरड्या, साखर आणि शंभर वर्षांचा वाद

२००० साली देशातल्या सहा महानगरांत मधुमेहाची पाहणी झाली, तेव्हा सर्वांत वरचा आकडा हैदराबादचा निघाला. प्रौढांमध्ये १६.६ टक्के, त्याच पाहणीत मुंबई ९.३वर होती. साखरेच्या रुग्णाचे डोळे, मूत्रपिंडं आणि पाय तपासायचे, हे आता बहुतेकांना ठाऊक झालं आहे. ‘तोंड उघडा, हिरड्या बघू’ असं मात्र साखरेचा डॉक्टर क्वचितच म्हणतो. याला नुसता निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. हिरड्यांचा बाकीच्या शरीराशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने आधी डोक्यावर घेतला, मग अडगळीत टाकला, आणि आता कुठे तो मोजूनमापून मान्य होतो आहे.

डोक्यावर घेण्याचा काळ १९१०च्या आसपासचा. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी त्या वर्षी कॅनडात मॉन्ट्रियलला भाषण दिलं आणि दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांखाली साठणाऱ्या पुवावर तोफ डागली. रक्तक्षयापासून पोटाच्या तक्रारींपर्यंत अनेक दुखण्यांचं मूळ त्यांना तोंडातच दिसत होतं. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी हेच सूत्र सांधेदुखीला लावलं. मग काय, अमेरिकेत आणि इंग्लंडात चांगले दातही उपटले जाऊ लागले. १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन या डॉक्टरांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा दात आणि टॉन्सिल काढून काही फायदा झाल्याचं दिसेना. उपपत्ती कोसळली आणि तिच्याबरोबर मूळ प्रश्नही बाजूला पडला.

निजामाच्या हैदराबादेत तेव्हा दातांचा घरगुती इलाज म्हणजे मंजन. हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी १९२०मध्ये सुरू केलेल्या ‘जिंदा तिलिस्मात’ या औषधाच्या कारखान्यातूनच ‘फारुकी’ मंजन निघालं. महाराष्ट्रात घरोघरी बायकांच्या हातात मशेरी होती. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची आणि बोटाने हिरडीवर घासत बसायचं. ठणका तेवढ्यापुरता कमी वाटतो, पण हिरडी सोलवटते, मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. सिगारेटचा प्रकार आणखी फसवा. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतला आजार वाढत असताना बाहेर खूण दिसत नाही.

दंतवैद्यकाचं शिक्षण देशात १९२० साली कोलकात्यात सुरू झालं, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३मध्ये निघालं. हैदराबादचं सरकारी दंत महाविद्यालय १९५९चं, अफझलगंजात, उस्मानिया रुग्णालयाच्या शेजारी. तोवर मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती. तरी मोठं दुखणं निघालं की काचीगुड्याची गाडी धरायची, ही नांदेड-परभणीकडची सवय काही सुटली नाही.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना ब्रश करणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; ब्रश पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. ज्याला आपण सरसकट पायरिया म्हणतो, त्याची सुरुवात दातावर साठणाऱ्या जंतूंच्या थराने होते, हे त्यामुळे पक्कं झालं.

जुना प्रश्न पुन्हा वर आला तो १९८९मध्ये. फिनलंडच्या डॉक्टरांना हृदयविकाराचा झटका आलेल्यांची तोंडं इतरांपेक्षा वाईट अवस्थेत आढळली. १९९१मध्ये अमेरिकेतल्या पिमा आदिवासींच्या अभ्यासातून समोर आलं की मधुमेह्यांमध्ये हिरड्यांच्या आजाराचा धोका जवळजवळ तिप्पट असतो. १९९३ साली त्याच हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं.

या वेळी मात्र कुणी पक्कड हातात घेतली नाही. चाचण्या घेतल्या, आणि त्यांचे निकाल सरसकट गोड आले नाहीत. गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केले तरी अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होत नाहीत, हे २००६मध्ये दिसलं. हृदयाशी संबंध आहे, पण हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो असं म्हणायला पुरावा नाही, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२मध्ये बजावलं. मधुमेहातही २०१३ची मोठी चाचणी निष्फळ ठरली. पुढे पुरावा साठत गेला. २०२२च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांखाली नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे ०.४३ टक्केबिंदूंनी उतरते. गोळ्या बंद कराव्यात इतका हा फरक नाही, पण फुकट घालवावा इतका लहानही नाही.

दुखणं दुहेरी आहे. साखर वाढली की हिरडीतल्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद घटते आणि जखम लवकर भरत नाही. उलट हिरडीतली सूज रक्तात जी द्रव्यं सोडते, त्यांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. एका दाताभोवती हे क्षुल्लक वाटेल. पण दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालतात. ती तीनपर्यंत गेली तर ठीक, चार-पाच-सहापर्यंत गेली तर तिथे खिसा तयार झालेला असतो. आजार बळावलेल्या माणसाच्या तोंडातले सगळे खिसे उलगडून मांडले, तर ८ ते २० चौरस सेंटीमीटरची सुजलेली जागा भरते. तेवढी जखम पायावर असती, तर मधुमेही माणूस एक दिवसही थांबला नसता.

‘दात साफ करून घेतले की हलतात’ ही समजूत मात्र अजून पक्की आहे. खरं तर दात आधीच हललेले असतात. त्यांना धरून ठेवणारं कीटण निघालं की ते कळतं एवढंच.

२०१८च्या नव्या वर्गीकरणात दंतवैद्यांनी हिरड्यांच्या आजाराची श्रेणी ठरवताना रुग्णाची साखर आणि सिगारेट जमेस धरली. मधुमेह्याला दरवर्षी हिरड्यांबद्दल विचारा, असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तर २००९मध्येच सांगितलं होतं. दंतवैद्य साखर विचारू लागले आहेत. साखरेच्या डॉक्टरने विचारलं नाही, तर पेशंटनेच पुढच्या खेपेला आपणहून सांगावं: ब्रश करताना रक्त येतं.