दात आंबणे आणि दात झिजणे : गर्भिणीच्या अतिवमनानंतरची एक व्यथा

चिंच किंवा कैरी खाल्ली की दात आंबतात, हा अनुभव मराठी भाषकाला लहानपणापासून परिचित असतो. हे आंबणे घटकाभराचे असते. दुसऱ्या जेवणापर्यंत त्याची आठवणही राहत नाही. गर्भारपणात महिनोन्महिने ओकाऱ्या सोसलेल्या स्त्रीचे दात मात्र आंबतात आणि तसेच राहतात. पारनेर तालुक्यातील एखादी लेक पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी येते, तेव्हा वांती बहुधा थांबलेली असते. पण माठातल्या पाण्याचा घोट घेताच पुढच्या दातांतून कळ जाते. या कळेला घरात कोणी ‘दात आंबले’ म्हणते, कोणी ‘किडले’ म्हणते, तर कोणी ‘झिजले’ म्हणते. या नावांचा विचार येथे करावयाचा तो एवढ्यासाठी की, जे नाव पडते त्याप्रमाणे उपाय ठरतो.

प्रथम मूळ दुखण्याचे नाव पाहू. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. त्याची एक व्युत्पत्ती ‘दौहृद’ म्हणजे दोन हृदयांची अवस्था अशी आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील गर्भिणीला त्याच अर्थाने दौहृदिनी म्हटले आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या कोशात मात्र ‘दोहद’चा संबंध ‘दौर्हृद’ म्हणजे मळमळ याच्याशी जोडला आहे. मराठीने या दोहोंपैकी कौतुकाची बाजू तेवढी उचलली. डोहाळे पुरवावयाचे असतात, त्यांचे जेवण करावयाचे असते. त्यामुळे ‘तिला डोहाळे कडक लागले’ असे म्हटले की घरातील माणसे निश्चिंत होतात. वस्तुतः साधी मळमळ निम्म्याहून अधिक गर्भवतींना होते, तर अतिवमन हे ०.३ ते ३ टक्के गर्भारपणांतच आढळते. वजन घटणे, लघवी गडद व थोडी होणे, पाण्याचा घोटही पोटात न ठरणे ही त्याची लक्षणे होत. तेथे शिरेवाटे द्रव व वांती थांबविणारी औषधे द्यावी लागतात. हा सुनेचा नाजूकपणा नव्हे. गर्भ व वार यांच्याकडून रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी त्याचा संबंध असल्याचे २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे.

आता दातांकडे वळू. दाताचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. तोंडातील सामू साधारणपणे ५.५ च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागते. जठररस त्याहून कितीतरी अधिक आम्ल असतो. वांतीचा मारा मुख्यतः वरच्या पुढच्या दातांच्या आतील, टाळूकडच्या बाजूवर होतो; खालचे दात जिभेमुळे काहीसे वाचतात. आरशात दिसत नाही अशा बाजूने हे नुकसान होते, म्हणून ते उशिरा कळते. कवच पातळ झाले की आतील दंतिन उघडे पडते. त्यातील सूक्ष्म नलिकांमधील द्रव थंड पाण्याने वा वाऱ्याने हलतो आणि मज्जातंतूला कळ पोहोचते. या कळेला आयुर्वेदात ‘दंतहर्ष’ म्हणतात, आणि आंबट रसाच्या अतिसेवनाने ती होते, हेही तेथे सांगितले आहे. येथे ‘हर्ष’ म्हणजे आनंद नव्हे. ‘रोमहर्ष’ शब्दातील शहारणे तेच हे. ‘दात आंबणे’ ही बोलीतील क्रियाही आम्लाचेच नाव घेते. निदानाच्या दृष्टीने ती ‘किडणे’ वा ‘झिजणे’ यांहून अचूक आहे. तिच्यात उणीव एवढीच की, नुकसान कायमचे असू शकते हे ती सांगत नाही.

‘झीज’ हा शब्द घर्षण सुचवितो. पारनेर तालुक्यातच निघोज येथे कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टासारखा खडक कोरला गेला, ती खरी झीज. दातांच्या बाबतीत आम्ल आधी पृष्ठभाग मऊ करते आणि मग घर्षण तो काढून नेते. म्हणूनच ओकारी होताच तोंडाची घाण जावी म्हणून राखुंडीने, मिठाने किंवा मशेरीने खसाखसा दात घासणे हा सर्वांत घातक उपाय ठरतो. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. ती गर्भालाही अपायकारक आहे. वांतीनंतर साध्या पाण्याने, किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून, चूळ भरावी. घासावयाचे ते निदान अर्ध्या तासाने, मऊ ब्रशने व फ्लोराइडयुक्त पेस्टने. नंतर पेस्ट थुंकावी, खळखळून धुऊन टाकू नये. पेस्टच्या फेसानेच उमाळा येत असेल तर लहान ब्रश व अगदी थोडी पेस्ट घ्यावी. मळमळीवर म्हणून लिंबू किंवा चिंच तासन्‌तास चोखणे टाळावे.

‘कीड’ म्हटले की दात काढण्याची भाषा सुरू होते. ‘मूल आईच्या दातांतले कॅल्शियम खाते’ म्हटले की काही करण्याजोगे उरतच नाही. हा समज चुकीचा आहे. दंतवल्कात रक्तवाहिन्या नसतात. तेथून गर्भाकडे काही जाण्याची वाटच नाही. गेलेले कवच पुन्हा उगवत नाही हे खरे. तथापि मऊ झालेला थर लाळेतील खनिजांनी व फ्लोराइडने पुष्कळसा सावरतो. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने शिरशिरी काही आठवड्यांत कमी होते, फ्लोराइडचा लेप देता येतो, आणि खोल गेलेला भाग दाताच्या रंगाच्या भरणाने झाकता येतो. गर्भारपणात दंतवैद्याकडे जाऊ नये, हा समजही निराधार आहे. मधले तीन महिने तर त्यासाठी सोयीचेच असतात. तेथे गेल्यावर दात कधीपासून दुखतात एवढे सांगून भागत नाही. डोहाळे कसे गेले, ओकाऱ्या दिवसातून किती वेळा व किती महिने होत होत्या, हेही सांगावे लागते. आणि दाताचा याच्याशी काय संबंध, असे वाटल्यामुळे नेमके तेच सांगावयाचे राहून जाते.