उंची वजा शंभर? जरा थांबा!

‘माझं वजन किती असायला हवं?’ या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर तोंडपाठ असतं: उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करा! हा हिशेब पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर आहे. उंची १६५, म्हणजे वजन ६५. सोपं आहे, पण आपल्याला लागू पडत नाही. भारतीयांसाठी बीएमआय (किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या आत असावा असं डॉक्टर सांगतात आणि १६५ सेंटिमीटर उंचीला ती हद्द ६२-६३ किलोलाच संपते. ब्रोकाच्या मते ‘बरोब्बर’ असलेला माणूस आपल्याकडे जास्त वजनाच्या खान्यात जातो.

बीएमआयची गोष्ट तर आणखी गमतीची. तो मांडला बेल्जियमच्या अदॉल्फ केतले यांनी, १८३० च्या दशकात. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. खगोल आणि संख्याशास्त्र हा त्यांचा प्रांत. ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे त्यांना शोधायचं होतं, कुणाला बारीक करायचं नव्हतं! बॉडी मास इंडेक्स हे नाव तर थेट १९७२ मधलं, अमेरिकी शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी दिलेलं.

पुरुषाला पाच फुटांना ५० किलो, पुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो, हे ‘आदर्श वजना’चं सूत्र १९७४ साली औषधाचा डोस ठरवण्याच्या सोयीसाठी आलं. आणि उंची-वजनाचे ते जुने तक्ते? ते अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे. त्यांच्या १९८३ च्या तक्त्यात अंगावरचे कपडे आणि एक इंच टाचेचे बूटही धरलेले होते!

हद्दसुद्धा सरकते बरं का. १९९८ मध्ये अमेरिकेने ‘जास्त वजना’ची रेषा बीएमआय २७ च्या वरून २५ वर आणली. आदल्या दिवशीपर्यंत ठीकठाक असलेले अडीच कोटींहून जास्त लोक काट्यावर एक ग्रॅमही न वाढता जाडे ठरले.

आता पुण्याकडे या, कारण सगळ्यात भारी गोष्ट इथली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून चरबी साठवलेली, अशी आपली भारतीय ठेवण. ‘मी कुठे जाडा आहे?’ म्हणणाऱ्या हडकुळ्या माणसालाही शुगर निघते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग आकडा ठरवायचा कसा? आधी एक अमेरिकी प्रयोग ऐका. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० लठ्ठ स्त्रियांना उपचाराआधी विचारलं, किती वजन कमी करायचंय? सरासरी उत्तर आलं, शरीराच्या वजनाच्या ३२ टक्के. २५ किलो उतरलं तर चालवून घेऊ, १७ उतरलं तर निराश होऊ. ४८ आठवडे उपचार झाले, सरासरी १६ किलो उतरलं, आणि जवळजवळ निम्म्या जणी त्या ‘निराश’ आकड्यापर्यंतही पोचल्या नाहीत. सोळा किलो म्हणजे घरातली एक मोठी बॅग अंगावरून खाली ठेवली की हो! तरी हाती निराशा, कारण सुरुवातीचा आकडाच अवाच्या सवा होता.

याउलट २००२ चा अभ्यास बघा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना उद्दिष्ट दिलं फक्त ७ टक्क्यांचं, जोडीला आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं किंवा तसाच व्यायाम. सरासरी उतरले साडेपाच किलो, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं! म्हणजे ८० किलोच्या माणसाने पहिला आकडा ७४-७५ चा धरावा, ‘लग्नात होतो तसा ५८’ मनात आणू नये. गुडघ्यांनाही हे मानवतं: गुडघेदुखीच्या रुग्णांत एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो असं आढळलं आहे.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झरझर उतरले तर हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. रविवारी लग्नाचं जेवण झालं की सोमवारी काटा किलोभर वर जातो तोही याच पाण्यामुळे आणि मिठामुळे.

आणि काट्याइतकंच महत्त्व शिंप्याच्या टेपला द्या. सरळ उभं राहा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, स्त्रियांचा ८० च्या. पँटचा नंबर इथे चालत नाही, पँट पोटाच्या खाली बसते.