चहाच्या कॅप्सूलने अभ्यासात लक्ष लागतं का?



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली, पोलीस भरती निघाली, की घरोघरी एकच काळजी असते. लेकरू पुस्तक घेऊन बसतं, पण त्याचं लक्ष लागत नाही. नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात दिसते: चहाच्या पानातून काढलेली कॅप्सूल, रोज एक घ्या, एकाग्रता वाढवा. चहाचीच आहे म्हटल्यावर आपल्यालाही वाटतं, यात काय वाईट? गटाच्या बैठकीत कुणी हा प्रश्न काढला तर काय सांगायचं, ते आज पाहू.

या कॅप्सूलमध्ये असतं काय?

त्या पदार्थाचं नाव एल-थिॲनिन. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९४९ साली तो चहाच्या पानात शोधला. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं ज्या बारीक घटकांची बनतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. थिॲनिन त्याच कुळातलं. चहाच्या झाडाच्या मुळांत ते तयार होतं आणि पानांत जातं. पण एक फरक लक्षात ठेवा. ते शरीराला मिळालंच पाहिजे असं नाही. थिॲनिन कमी पडलं म्हणून कुणी आजारी पडत नाही.

चहात दुसरा पदार्थ असतो कॅफिन. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत झोपेचा निरोप देणारा एक पदार्थ साचत जातो. कॅफिन तो निरोप अडवतं, म्हणून चहा प्यायल्यावर तरतरी येते. थिॲनिनने मन थोडं शांत होतं, असं काही प्रयोगांत दिसलं आहे.

मग लक्ष वाढतं का?

थोडंसं, थोड्या वेळापुरतं, आणि तेही बहुतेक कॅफिनसोबत घेतल्यावर. हे प्रयोग थोड्या लोकांवर झाले, आणि त्यात बहुतेक धडधाकट मोठी माणसं होती. कॅप्सूल घेतल्यावर तास-दोन तासांत त्यांना संगणकावर लक्षाची परीक्षा दिली, तेव्हा काही जण थोडे जास्त अचूक ठरले. पण ती घेऊन शाळेतल्या मुलाचे मार्क वाढतात, असं भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही. युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेने २०११ साली हे सगळे पुरावे तपासले आणि थिॲनिनने बुद्धीचं काम सुधारतं हा दावा मान्य केला नाही.

प्रयोगांत एका वेळी साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम थिॲनिन दिलं जातं. आपल्या एका कप चहात ते फार तर २०-२५ मिलिग्रॅम असतं. म्हणून ‘चहा पितोच, तेच कॅप्सूलमध्ये आहे’ हे म्हणणं बरोबर नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेणारं माणूस, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. लहान मुलांना तर आपल्या मनाने देऊच नये.

लक्ष का लागत नाही, ते आधी शोधा

मैत्रिणींनो, खरा मुद्दा इथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की मेंदूला प्राणवायू कमी पोचतो. मग थकवा येतो, डोकं जड होतं, वाचलेलं ध्यानात राहत नाही. अशा मुलीला आपण ‘आळशी’ म्हणतो, पण ती आळशी नसते.

आणि इथेच चहाची दुसरी बाजू येते. चहातल्या तुरट द्रव्यामुळे अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. जेवणासोबत चहा घेतला तर भाजी-डाळीतलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जाऊ शकतं. कोरा चहा असो की दुधाचा, जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नका. शेवग्याचा पाला, हरभरा, तीळ, मासे ताटात असू द्या आणि सोबत लिंबू किंवा आपल्या जंगलातला आवळा. त्याने लोह चांगलं लागतं.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेलही आहे. त्यातही रक्त कमी होतं, पण उपाय वेगळा असतो. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलं आहे, त्याच्या अंगात आधीच लोह साठलेलं असू शकतं. म्हणून सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

मग करायचं काय?

आशाताईला सोबत घ्या आणि उपकेंद्रात हिमोग्लोबिन व सिकलसेलची तपासणी करून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजा. शाळेत मुलींना-मुलांना दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू देऊ नका. जंताची गोळीही वेळेवर द्या. ताप येऊन गेला असेल तर मलेरियाची तपासणी करा. रात्री मोबाइल बाजूला ठेवून मुलांना पुरेशी झोप घेऊ द्या. उपाशीपोटी, नुसत्या चहावर शाळेत किंवा भरतीच्या सरावाला पाठवू नका.

तरीही कुणी कॅप्सूलचा डबा घेऊन आलं, तर तीन गोष्टी बघा. डब्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का? ‘औषध म्हणून वापरू नये’ असं छापलं आहे का? ते छापलेलं असतं, कारण असा डबा औषध नव्हे, पूरक अन्न म्हणून विकला जातो. तिसरी गोष्ट, एका महिन्याचा खर्च किती? तेवढ्या पैशात घरात किती अंडी, किती डाळ येईल, हा हिशोब मांडा. या डब्यासाठी गटातून कर्ज उचलायची वेळ तर येऊच देऊ नका.

सरकारी उपकेंद्रातली तपासणी मोफत आहे. येत्या बैठकीत हा एकच विषय घ्या: आपल्या गटातल्या किती जणींनी यंदा रक्त तपासलं? ज्यांचं राहिलं असेल, त्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि मुलींनाही सोबत न्या.