आधी थर्मामीटर, मग ॲक्सोलॉटल

गडहिंग्लजमध्ये ॲक्सोलॉटल पाळायचा बेत असेल, तर पहिली खरेदी काचेच्या टाकीची नको, थर्मामीटरची करा. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात 2021 साली हा प्राणी आला आणि पोरांच्या तोंडी त्याचे नाव बसले. मानेमागे पिसांसारखे कल्ले, कायम हसल्यासारखा चेहरा आणि तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची करामत. हट्ट धरायला एवढे पुरते. पण हा जीव मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या गार कालव्यांतला. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. 24 च्या वर गेले की तो खाणे टाकतो, अंगावर बुरशी धरू लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो.

थर्मामीटरचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. गांडुळे आणि मांसाहारी गोळ्या खाणारा हा प्राणी पाण्यात अमोनिया सोडतो. हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम, दुसरा कल्ले जाळणारा मुक्त अमोनिया. अमोनिया तपासायचा बाजारातला किट दोन्हींची बेरीज दाखवतो. त्यातला विषारी वाटा किती, हे ठरते पाण्याच्या तापमानावर आणि सामूवर, म्हणजे पीएचवर. सामू 7 आणि तापमान 18 अंश असेल, तर शंभर भागांत अर्धा भागसुद्धा मुक्त अमोनिया नसतो. सामू 8 झाला की तो साडेतीनच्या घरात जातो आणि त्याच पाण्याचे तापमान 28 झाले की साडेसहाच्या. किटमधला रंग तसाच राहतो, पण विष दुपटीने वाढलेले असते. म्हणून हात आखडता घ्यायचा असला, तरी थर्मामीटर, अमोनियाचा किट आणि त्या अमोनियापासून टाकीत बनणाऱ्या नायट्राइटचा किट या तिन्हींना कात्री लावू नये. बाकीचे उसने मिळते.

न घेण्याची वस्तू म्हणजे टीडीएस पेन. आरओ विकायला येणारा माणूस जे खिशातून काढून ग्लासात बुडवतो, तेच. ते पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजते, तेही विद्युतवहनावरून अंदाजाने. बोअरच्या पाण्यात शेकड्यांनी आकडा असताना त्यात एक-दोन मिलिग्रॅम अमोनियाची भर पडली, तर पेनला पत्ताही लागत नाही. प्राण्याच्या मात्र तेवढे जिवावर बेतू शकते.

आता पाण्याकडे. शहराचे नळाचे पाणी हिरण्यकेशीचे आणि ते क्लोरिन घालून येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे लागते. आपल्याला जे संरक्षण, तेच ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांना आणि टाकीतल्या उपयोगी जिवाणूंना मारक. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ‘ओटी’ करतो, ती तपासणी इथे कामाची आहे. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते. हे रसायन विषारी असल्याने हाताला लावू नये आणि तपासलेले पाणी टाकीत परत ओतू नये. क्लोरिन घालवायला सोडियम थायोसल्फेट लागते. जुन्या फोटो स्टुडिओतला ‘हायपो’ तो हाच. एक मिलिग्रॅम क्लोरिनला हायपोचे साधारण सात मिलिग्रॅम स्फटिक पुरतात. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की टीसीएलचा हात सैल सुटतो, त्या दिवसांत ओटी चुकवू नये.

सामूसाठी हळद वापरता येईल का, असे कोणीतरी विचारतेच. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, ते अल्कलीमुळेच. पण हळद साधारण आठच्या पुढे लालीकडे झुकते. ॲक्सोलॉटलला हवा साडेसातच्या आसपासचा सामू. साडेसहा आणि साडेसात यांतला फरक हळदीला कळत नाही. तेव्हा ती शाळेच्या प्रदर्शनापुरती ठेवावी. बोअरच्या जड पाण्याला मात्र घाबरायचे कारण नाही. बादलीला पांढरा थर धरणारे पाणी या प्राण्याला बेताच्या मर्यादेत चालते, उलट क्षार काढून टाकलेले आरओचे पाणीच त्याला वाईट. जडपणा नेमका हवा असेल, तर ईडीटीएचे टायट्रेशन हे बीएस्सीचे नेहमीचे प्रॅक्टिकल आहे. गावात डॉ. घाळी आणि शिवराज अशी दोन महाविद्यालये आहेत, रसायनशास्त्राचा विद्यार्थी ओळखीत निघेलच. नायट्रेट, जडपणा आणि सामू तपासणारे संच जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना दिले आहेत आणि ते वापरायला गावातल्या महिलांना शिकवले आहे. शेजारच्या खेड्यात राहणाऱ्यांनी आधी तिथे विचारावे.

किट घेताना कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा घ्यावा. बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाची जागाच नसते, शिवाय आपल्या पावसाळी दमट हवेत डबी चार वेळा उघडली की पट्ट्या बिघडतात. थेंबांच्या किटमध्ये काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीतले थेंब बाटली उभी उलटी धरून मोजायचे, मग दुसरीतले, आणि सांगितलेली मिनिटे थांबायचे. पिवळा राहिला तर शून्य, पोपटी झाला तर सावध, गर्द हिरवा झाला तर लगेच पाणी बदला. रंग पांढऱ्या कागदासमोर, खिडकीच्या उजेडात बघावा. पिवळ्या बल्बखाली सगळेच हिरवट दिसते. आठ-आठ थेंब सांगितले असतील, तर अडीच मिलिलिटर पाण्याला चार-चार टाकूनही तोच रंग येतो. किट दुप्पट दिवस पुरतो. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जीव तोडून हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेली भुकटी तशीच राहते आणि आकडा खोटा कमी येतो.

मुदत संपत आलेला किट स्वस्तात मिळाला, तर तो खरा बोलतो का ते घरी तपासता येते. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर, पण रसायनांच्या दुकानातला, 0.63 ग्रॅम घेऊन एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवावा. सराफ ओळखीचा असेल तर त्याच्या काट्यावर वजन होईल. तो हसेल, तेवढे सोसावे. त्यातले दहा मिलिलिटर घेऊन आणखी आरओचे पाणी घालून एक लिटर करावे. झाले दोन मिलिग्रॅमचे अमोनियाचे पाणी. किटने दोनच्या आसपास दाखवले आणि नुसत्या आरओच्या पाण्यात शून्य दाखवले, तर किट चालतो.

याच नवसागराने प्राणी आणण्याआधी टाकी पिकवायची. शंभर लिटरला साधारण 0.6 ग्रॅम टाकून फिल्टर चालू ठेवला की एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात. इथे आपला उन्हाळा चक्क उपयोगी पडतो, कारण हे जिवाणू 25-28 अंशांना जोमाने वाढतात. सुरुवातीला रोज तपासून थेंब वाया घालवू नयेत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघितले तरी चालते. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य झाले, की टाकी तयार. त्यानंतर नायट्रेट आठवड्याला एकदा बघून वीस-पंचवीस टक्के पाणी बदलत राहावे.

इतके करूनही तापमानाचा प्रश्न तसाच उरतो. पाण्यावर पंखा सोडला की माठासारखे बाष्पीभवन होऊन दोन-चार अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेत. वळवाच्या आधीच्या दमट दिवसांत पंखा नुसता फिरतो. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर तापमान झोके खाते. उरतो चिलर, त्याची किंमत आणि विजेचे बिल, आणि लोडशेडिंग झाले की तोही बंद. तपासणीवर वाचवलेले पैसे पहिल्याच उन्हाळ्यात यात जातात.

शिवाय ॲक्सोलॉटल हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे असे प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगेलच असे नाही. सोचिमिल्कोमध्ये 1998 साली एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे सहा हजार असलेले ॲक्सोलॉटल 2014 पर्यंत पस्तिसावर आले. त्याची मुख्य कारणे दूषित पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया, म्हणजे आपली चिलापी. म्हणून नको झालेला प्राणी हिरण्यकेशीत सोडणे हा तर मार्गच नव्हे. याच नदीच्या उगमाशी, आंबोलीत, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा नवा मासा 2020 साली नोंदला गेला आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

तेव्हा पैसे खर्चण्याआधी एक करा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ज्या खोलीत टाकी ठेवायची त्या खोलीत बादलीभर पाणी ठेवा आणि दुपारी चारला त्यात थर्मामीटर धरा. पारा 24 च्या पुढे गेला आणि चिलर परवडत नसेल, तर गप्पी मासे आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलेत तर ते बहुधा फुकट मिळतील आणि अमोनियाचा किट त्यांनाही लागतोच.